शेतकऱ्याला घरी बसावे लागते तेव्हा



ज्याचा दिवस कोंबडा आरवताच सुरू होतो आणि दिवेलागणीला संपतो, त्याला "काही दिवस घरातच राहा" असे सांगणे सोपे असते, पण ते पाळणे फार कठीण असते. कचेरीतला माणूस घरी बसला तर कागदपत्रे घरी आणून काम करू शकतो. काजूची बाग, वायंगणाचे शेत किंवा माडांची रांग मात्र कोणाला बाल्कांवात आणून ठेवता येत नाही. म्हणून घरी अडकलेला शेतकरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अस्वस्थ होतो, चिडतो, नाहीतर गुपचूप परड्यामागून निसटतो.

कोविडच्या साथीत हा अनुभव आपल्या पेडणे आणि डिचोली भागातील घराघरांतून आला. ती साथ आता ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण घरी बसण्याची पाळी फक्त कोविडमुळेच येते असे नाही. कांजिण्या, गालगुंड किंवा जोराचा फ्लू झाला तरी काही दिवस इतरांपासून दूर राहावे लागते. माडावरून पडून पाय मोडला तर महिना-दोन महिने घरातच जातात. म्हणून त्या दिवसांत जे शिकायला मिळाले, ते विसरून चालणार नाही.

काय घडले होते?

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी गोव्यात कोविडचे पहिले रुग्ण आढळले. पहिल्या काही दिवसांत किराणा-भाजीची दुकानेही बंद होती. चोर्ला घाटातून येणारी बेळगावची भाजी अडली आणि ज्यांच्या परसात दोन वाफे तांबड्या भाजीचे होते, त्यांचे मोल शेजाऱ्यांना कळले. पत्रादेवी आणि दोडामार्गचे नाके बंद झाले. ज्यांचे घर सरहद्दीच्या एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला, त्यांची फारच ओढाताण झाली. हे सारे ऐन काजूच्या हंगामात घडले. बोंडू झाडाखाली पडत होते आणि माणूस घरात होता.

२७ मार्च रोजी केंद्र सरकारने शेतातील कामांना टाळेबंदीतून सूट दिली. त्यामुळे निरोगी शेतकऱ्याला निदान आपल्या शेतात जाता आले. खरे कोंडणे पुढे आले, जेव्हा आजार घरातच शिरला. मे २०२१ च्या सुरुवातीस गोव्यात तपासलेल्या दर दोन नमुन्यांमागे जवळजवळ एक नमुना बाधित निघत होता. सौम्य लक्षणे असलेल्या असंख्य माणसांना घरीच वेगळे राहावे लागले. एप्रिल २०२१ च्या सरकारी सूचनांप्रमाणे ही मुदत लक्षणे सुरू झाल्यापासून किमान १० दिवस होती. जानेवारी २०२२ मध्ये ती ७ दिवसांवर आली. दोन्ही वेळा शेवटचे तीन दिवस ताप नसणे ही अट होती.

आजारी माणसाने आधी विश्रांती घ्यावी

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. निरोगी असून अडकलेला माणूस वेगळा आणि आजारामुळे अडकलेला माणूस वेगळा. पहिल्याला काम हवे, दुसऱ्याला आधी विश्रांती हवी.

कष्टाने काटक झालेला शेतकरी आजाराला लवकर दाद देत नाही. ताप उतरला की तो म्हणतो, "आता मला काही नाही." कोविडमध्ये हाच मोठा धोका होता. फुप्फुसे बाधित होऊन रक्तातील प्राणवायू कमी झाला, तरी कित्येकांना सुरुवातीला धाप जाणवत नसे. माणूस बोलत असे, जेवत असे आणि प्राणवायू मात्र खाली जात असे. म्हणून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर दिवसातून दोन-तीन वेळा पाहावा आणि आकडा कागदावर लिहून ठेवावा. आकडा ९४ च्या खाली गेला तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. ज्याला बसल्या जागी धाप नाही, त्याने खोलीत सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालून पुन्हा आकडा पाहावा. साठी ओलांडलेल्यांनी तीन मिनिटे चालणे पुरे. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा अधिक अंकांनी उतरला, तर इस्पितळ गाठावे.

प्राणवायू कमी होत असल्यास मदत येईपर्यंत पालथे झोपल्याने श्वासाला आराम मिळतो. हे जेवणानंतर तासभर करू नये. गरोदर स्त्रियांनी व हृदयाचा गंभीर विकार असलेल्यांनी तर करूच नये.

दारूविषयीही बोलले पाहिजे. काजूचा हंगाम म्हणजे हुर्राकाचाही हंगाम. घरी बसलेला माणूस वेळ जात नाही म्हणून पेला हाती घेतो आणि "औषध म्हणून घेतो" असे सांगतो. दारूने कोणताही विषाणू मरत नाही. उलट झोप बिघडते, अंगातले पाणी कमी होते आणि तापासाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या चालू असतील तर यकृताला इजा पोहोचण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, नाचणीची आंबील आणि भरपूर पाणी घ्यावे.

खाट ताकद खाते

पडून राहण्याचीही एक मर्यादा आहे. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात वयस्क पण निरोगी माणसांना १० दिवस खाटेवर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. आता विचार करा, साठीचा शेतकरी दहा दिवस निजून राहिला आणि अकराव्या दिवशी चिखलात उतरला तर त्याचे पाय त्याला साथ देतील काय?

म्हणून ताप उतरल्यावर आणि डॉक्टरांची हरकत नसल्यास खोलीतल्या खोलीत अंग हलते ठेवावे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे व बसावे. भिंतीला हात लावून टाचा उचलाव्यात. तासाभराने खोलीत चार फेऱ्या माराव्यात. खिडकी उघडी ठेवून सकाळच्या उजेडात बसावे. ज्याचे सारे आयुष्य उन्हात गेले, त्याला अंधाऱ्या खोलीत रात्री झोप येत नाही; सकाळचा उजेड डोळ्यांवर आला की झोपेची वेळ पुन्हा जागेवर येते. कामावर परततानाही पहिल्या आठवड्यात अर्धा दिवसच काम करावे. ओझे आणि चढण टाळावी. धाप लागली किंवा छातीत दुखले तर तेथेच थांबावे.

मोकळ्यावर राहण्याची आपली रीत

आपल्या कोकणपट्टीला साथीची आणि दूर राहण्याची ओळख जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात प्लेग पसरला, तेव्हा लोक गाव सोडून मळ्यात, माळावर झोपड्या बांधून राहत. मालवण तालुक्यातील आचऱ्याची गावपळण तर प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी एकदा सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री रानात राहतो. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून सिंधुदुर्गात परतलेल्या चाकरमान्यांनीही कोठे शाळेत तर कोठे मांगरात १४ दिवस काढले. घरात वेगळी खोली नसेल तर बागायतीतला मांगर हा आजही चांगला पर्याय आहे. मात्र तेथे फोन लागला पाहिजे आणि दिवसातून दोन वेळा कोणीतरी लांबून हाक मारून विचारपूस केली पाहिजे. आजारी माणसाला तेथे एकटे टाकून देणे म्हणजे विलगीकरण नव्हे.

हाताला काम असले की दिवस सरतो

टाळेबंदीत वाशिम जिल्ह्यातील कारखेडा गावच्या एका दांपत्याने घराच्या आवारात २१ दिवसांत २५ फूट खोल विहीर खणली आणि पाणी लागले. राजस्थानात सीकर जिल्ह्यातील पलसाना येथे शाळेत ठेवलेल्या परप्रांतीय मजुरांनी नुसते बसून राहण्यापेक्षा त्या शाळेलाच रंग काढून दिला. ही सारी कष्टाची माणसे. बाहेर जाता येईना, तेव्हा त्यांनी आहे त्या आवारातच काम शोधले.

आपल्याकडे तर अशा कामांना तोटा नाही. उन्हाळ्यात काजूच्या बिया दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून भराव्यात, हरमलच्या मिरच्या निवडाव्यात, सोले वाळवावीत, चुडतांचे झाप विणावेत. पावसात सुंभ वळावे, हिरांचा खराटा बांधावा, कोयता व विळ्याला धार लावून तेल द्यावे, कुदळीचा दांडा बदलावा, पागाचे फाटलेले जाळे सांधावे.

पेरणीपूर्वीचे दिवस असतील तर बियाणे तपासावे. भाताचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत, गोणपाट ओले ठेवावे आणि सात-आठ दिवसांनी मोड आलेले दाणे मोजावेत. ८० पेक्षा कमी निघाले तर ते बियाणे भरवशाचे नाही. तसेच १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. वर तरंगणारे पोकळ दाणे काढून टाकावेत, तळाचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. अशा निवडलेल्या बियाण्याची रोपे जोमदार होतात.

संसर्गाचा आजार असलेल्याने मात्र खाण्याच्या जिनसांना हात लावू नये. त्याने हत्यारे, सुंभ, जाळे अशी कामे घ्यावीत आणि तीही थकवा येईपर्यंत नव्हे.

आणखी एक काम वर्षानुवर्षे मागे पडते, ते कागदांचे. एक-चौदाचा उतारा, कृषी कार्ड, बँकेचे पुस्तक, विजेच्या पंपाची बिले हे सारे एका पिशवीत लावून ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांना जमिनीची हद्द, पाण्याचा पाट, कोणत्या माडाला किती नारळ धरतात, कोणते काजूचे झाड कोणी लावले, हे तोंडपाठ असते. पण ते कोठेच लिहिलेले नसते. साथीत अनेक घरांतून अशी माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर ही माहितीही गेली. घरी अडकलेल्या आजोबांनी फोनवरून सांगावे आणि नातवाने वहीत लिहावे. आजोबांचा वेळ जाईल आणि नातवाला जमीन कळेल.

दिवसाला आकार द्यावा

१९१५ साली अर्नेस्ट शॅकल्टन यांचे 'एन्ड्युरन्स' जहाज दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात बर्फात अडकले. २८ माणसे महिनोन्‌महिने तेथे होती. ठरल्या वेळी जेवण, ठरलेली कामे, बर्फावर फुटबॉल आणि संध्याकाळी गाणी असा त्यांचा क्रम असे. जहाज सोडताना जवळजवळ सारे सामान टाकावे लागले, तरी शॅकल्टन यांनी एक बॅन्जो बरोबर घ्यायला लावला. त्या २८ पैकी सर्वजण जिवंत परतले.

आपल्यालाही तेच करता येते. उठण्याची वेळ बदलू नये. आंघोळ, नाश्ता, काम, दुपारची वामकुक्षी, संध्याकाळचा बाल्कांव आणि रात्रीची प्रार्थना यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. २०२० मध्ये चर्चची दारे बंद होती, तेव्हा घरच्या प्रार्थनेनेच कित्येक कुटुंबांचा दिवस बांधून ठेवला. फोनवरच्या बातम्या दिवसातून एकदाच पाहाव्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा पाऊस, फुललेले झाड, पहिला दिसलेला पक्षी यांची नोंद करावी. खिडकीतूनही रान थोडेफार दिसतेच.

शेजाऱ्यांचे कर्तव्य

शेतकरी घरातून निसटतो, तो बहुधा मौजेसाठी नव्हे. गाय दूध काढण्यासाठी हंबरते, काजू झाडाखाली कुजतो, पाट फुटतो, म्हणून तो निसटतो. तेव्हा त्याला नुसता उपदेश करून भागत नाही. वाड्यावरच्या माणसांनी कामे वाटून घ्यावीत. एकाने गाय पाहावी, दुसऱ्याने काजू गोळा करून पोती दारात ठेवावीत, तिसऱ्याने पाडेल्याला सांगून नारळ उतरवून घ्यावेत. हिशेब वहीत लिहावा, म्हणजे पुढे मन कलुषित होत नाही. आपली गाय दोहली गेली आणि आपले काजू चोरीला गेले नाहीत, एवढे कळले की आजारी माणूस निश्चिंत होऊन अंथरुणावर पडतो.

आपल्या वाड्यावर कोणाच्या घरी आजारपण असेल, तर आज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून एवढेच विचारावे: "उद्या सकाळी तुझ्या बागायतीत काय करायचे आहे?"