चिनाब कालव्यावरील वसाहत

चिनाब आणि रावी या नद्यांमधील उंच माळाला पंजाबात ‘सांदल बार’ असे म्हणत. पाऊस अपुरा, विहिरींचे पाणी खोल आणि सर्वत्र काटेरी झुडपे. उंट व गुरे घेऊन हिंडणाऱ्या पशुपालक टोळ्यांचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे चराऊ रान होते. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर इंग्रजी राज्यकर्त्यांनी ते पडीक ठरवून सरकारी मालकीचे केले. चिनाबवर खानकी येथे बंधारा घालून १८९२ मध्ये बारमाही कालवा सुरू करण्यात आला आणि पुढील काही वर्षांत या माळावर सुमारे वीस लाख एकर जमिनीची वाटणी झाली.

आपल्याकडे नीरेच्या कालव्याने नांदत्या गावांच्या शिवारात पाणी नेले. पंजाबात क्रम उलटा होता. आधी पाणी आले व मग त्या पाण्यामागे माणसे आणण्यात आली. ही माणसे कोण असावीत, हे सरकारने ठरविले. अमृतसर, जालंधर, होशियारपूर, गुरदासपूर, सियालकोट या दाट वस्तीच्या जिल्ह्यांतील अल्पभूधारक पण कसबी शेतकरी निवडण्यात आले. त्यामुळे जुन्या जिल्ह्यांवरील भार हलका होईल, महसूल वाढेल आणि राजनिष्ठ शेतकऱ्यांचा एक संतुष्ट वर्ग उभा राहील, असा हिशेब होता.

मोजणीदारांनी माळावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे आखली. अकराशे फूट लांब व तितकेच रुंद असे प्रत्येक घर म्हणजे एक ‘मुरब्बा’. मराठी वाचकास हा शब्द फळांच्या पाकाची आठवण करून देईल. पंजाबात त्याचा अर्थ चौरस, एवढाच. मुरब्ब्याचे क्षेत्र पावणेअठ्ठावीस एकरांच्या आसपास, व त्याचे पंचवीस ‘किल्ले’ पाडलेले. साध्या शेतकऱ्याला ‘आबादकार’ म्हणत. वाटलेल्या जमिनीपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक हिस्सा या वर्गाकडे गेला. त्यावरच्या ‘सफेदपोश’ व ‘रईस’ या वर्गांना अधिक मोठे तुकडे मिळाले. गावांना नावेसुद्धा दिली गेली नाहीत; चकाचा क्रमांक आणि कालव्याच्या शाखेचे नाव एवढ्यावरच भागविण्यात आले. लायलपूर हे वसाहतीचे मुख्य शहर. लेफ्टनंट गव्हर्नर सर जेम्स लायल यांचे नाव त्याला देण्यात आले आणि मध्यभागी घड्याळाचा मनोरा व त्यापासून निघणारे आठ बाजार अशी त्याची रचना झाली.

या नीटनेटक्या आराखड्यात दोन वर्गांना मात्र जागा नव्हती. पहिला वर्ग मूळच्या पशुपालकांचा. सरकारी कागदांत त्यांचा उल्लेख ‘जांगली’ असा येतो. त्यांतील काहींना जमिनी मिळाल्या, परंतु ज्या भूमीवर ते स्वतःच्या हक्काने वावरत होते, तेथेच सरकारच्या कृपेवर जगणारे कूळ होण्याची पाळी त्यांच्यावर आली. दुसरा वर्ग भूमिहीन मजुरांचा. जमीन शेतकरी जातींनाच द्यावयाची, असे धोरण असल्याने मजूर वसाहतीत आला तो मजूर म्हणूनच.

ज्यांना जमीन मिळाली तेही पूर्ण मालक नव्हते. १८९३ च्या सरकारी कूळ कायद्यान्वये गावात राहणे, झाडे लावणे, घरअंगण स्वच्छ राखणे अशा अटी त्यांच्यावर होत्या. शेजारच्या झेलम वसाहतीत तर सैन्याला घोडे व खेचरे मिळावीत म्हणून पैदाशीची घोडी पाळण्याच्या बोलीवर मुरब्बे दिले गेले. अटभंगाचा दंड कनिष्ठ नोकरांच्या हाती सापडला, तेव्हा लाचलुचपत बोकाळली. दंड बेकायदा असल्याचे न्यायालये सांगू लागताच, सरकारने अटी सैल करण्याऐवजी न्यायालयांचीच वाट बंद करणारे वसाहत विधेयक १९०६ मध्ये पुढे आणले. वारसा थोरल्या मुलाकडेच जावा, अशीही त्यात तरतूद होती. पाणीपट्टीतील वाढ त्याच सुमाराची. योजनेतील ‘संतुष्ट शेतकरी’ याच ठिकाणी चळवळीला उभा राहिला.

१९०७ च्या मार्चमध्ये लायलपूर येथे प्रचंड सभा झाल्या. बांकेदयाल यांनी शेतकऱ्याच्या पगडीवर, म्हणजेच त्याच्या अब्रूवर, रचलेले गीत तेथूनच पंजाबभर पसरले. लाला लजपतराय व अजितसिंग यांना सरकारने ब्रह्मदेशात मंडालेला पाठविले. पुढच्याच वर्षी लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली आणि त्यांचीही रवानगी तेथेच झाली. फौजेतील शिपाई याच शेतकऱ्यांच्या घरांतून भरती होत असत, ही गोष्ट सरकारला विसरता येण्यासारखी नव्हती. व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांनी मे १९०७ मध्ये विधेयकाला संमती नाकारली. पुढे १९१२ च्या कायद्याने आबादकारांना जमीन विकत घेऊन मालक होण्याची वाट खुली झाली.

१९०७ च्याच सप्टेंबरमध्ये, गुगेरा शाखेवरील १०५ क्रमांकाच्या चकात, बंगा येथे, अजितसिंगांच्या भावाच्या घरी भगतसिंग यांचा जन्म झाला.

१९४७ च्या फाळणीने वसाहतीतील शीख व हिंदू शेतकऱ्यांना बैलगाड्यांचे काफिले करून पूर्व पंजाबकडे निघावे लागले. मागे राहिलेली जमीन जास्त व पाण्याची, इकडे मिळणारी कमी व बरीचशी कोरडवाहू. तेव्हा पुनर्वसन खात्याचे तरलोकसिंग यांनी उत्पन्नावर आधारलेला ‘प्रमाण एकर’ ठरविला आणि धारण जितकी मोठी तितकी कपात अधिक, या तत्त्वाने वाटप केले. लायलपूरचे नाव पाकिस्तानात १९७७ मध्ये फैसलाबाद असे झाले. चकांचे क्रमांक मात्र तेच आहेत.