खाजेच्या रात्री

खाजेनं कुणी मरत नाही, म्हणून घरात आणि दवाखान्यात तिचा नंबर शेवटी लागतो. ताप आला, जुलाब लागले की मुलाला उचलून धावतात. कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या खोबणीत खाजवून खाजवून रक्ताळलेली कातडी मात्र 'उष्णता आहे, जाईल आपोआप' म्हणून महिनोन्महिने तशीच राहते. हे इसब. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर त्याला आजार मानतच नाहीत.

स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी जुनाट आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांना एकच गोष्ट विचारली होती: या दुखण्यानं मुलाचं रोजचं जगणं किती बिघडलं? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अंगभर इसब असलेली मुलं सेरेब्रल पाल्सीच्या खालोखाल होती. मूत्रपिंडाच्या विकाराच्या जोडीला, आणि दमा, मधुमेह यांच्याही वर. कार्डिफमध्ये १९९५ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एक पट्टी डॉक्टर आजही वापरतात. गेल्या आठवड्यात खाज किती होती, कुणी चिडवलं का, खेळ सुटला का, झोप लागली का, असे तिचे प्रश्न. घरच्यांसाठीही वेगळी पट्टी आहे. त्यात स्वयंपाक, खर्च, थकवा, घरातली चिडचिड सगळं विचारतात.

यातला झोपेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रात्री अंग उबेला आलं की खाज वाढते. पोर झोपेतच खाजवतं, गोधडीला रक्त लागतं. आई त्याचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरून पडून राहते आणि उजाडलं की तीच लावणीला चिखलात उतरते. मूल वर्गात पेंगतं, मास्तरांना ते आळशी वाटतं. त्यात शेजारचा मुलगा सरकून बसतो, कारण त्याला ती खरूज वाटते. आश्रमशाळेत हा घोटाळा फार महागात पडतो. खरूज किड्यानं होते, बोटांच्या बेचक्यात दिसते, एकाला झाली की घरातल्या सगळ्यांना एकदमच औषध लावावं लागतं. इसब कुणाचं कुणाला लागत नाही. तरी त्या पोराचं अंथरूण वेगळं पडतं.

त्याची कातडीच मुळात कमजोर असते. विटांच्या भिंतीतला सांधा भुसभुशीत असावा, तसं आतलं पाणी बाहेर निसटतं आणि बाहेरची धूळ, जंतू आत शिरतात. कातडीची ही राखण करणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष २००६ मध्येच सापडला. तो सगळ्याच मुलांत नसतो. पण आईनं बाळंतपणात काय खाल्लं म्हणून हे झालं, हा तिच्या माथी मारला जाणारा दोष तरी आता कुणी देऊ नये.

तरी पहिली गदा येते ती पोराच्या खाण्यावर. वांगं बंद, अंडं बंद, सुकट-बोंबील बंद. पावसाळ्यात जिथं सुकटीशिवाय भाताबरोबर दुसरं काही नसतं, तिथं आधीच काटकुळ्या पोराचं ताट असं रिकामं करणं मला इसबाहून घातक वाटतं. एखादा पदार्थ खरोखर बाधत असेल तर तो डॉक्टरांनी तपासून सांगावा. बहुतेक मुलांना सगळं खाता येतं.

उपाय साधे आहेत: कोमट पाण्यानं झटपट अंघोळ, साबण कमीत कमी, अंग टिपून ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल, नखं कापलेली, सुती कपडे. पण रोजच्या अंघोळीला पाणी हवं. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दोन हंड्यांत सगळं घर भागवणाऱ्या बाईला 'रोज अंघोळ घाला' सांगताना याचं भान हवं.

मलमाचा प्रश्न आणखी नाजूक. मेडिकलमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असलेली ट्यूब मिळते. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून ती महिनोन्महिने चोळली जाते आणि पोराच्या गालाची कातडी पातळ होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी मागितली की मिळतात. म्हणून स्टेरॉइडला घाबरून ते टाकूनच द्यावं असंही नाही. सौम्य मलम, डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितले तितके दिवस लावलं तर तेच मुलाला झोप देतं. बोटाच्या पेरभर मलम मोठ्या माणसाच्या हाताच्या, बोटांसकट, दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. जखमेवर पिवळी खपली धरली, पाणी सुटलं, ताप आला, तर मात्र थांबू नये.

मुरबाडला रेल्वे नाही. त्वचेच्या डॉक्टरांसाठी बहुतेकांना कल्याण-उल्हासनगर गाठावं लागतं, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. पण २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत खरूज आणि गजकर्णाच्या बरोबर इसबही आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी पोराला शर्ट काढून दाखवावं आणि रात्रीची झोप कशी होते, हेही आईनं सांगावं. विचारायची वाट पाहू नये.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसापर्यंत परतत नाहीत. थंडी, मातीची धूळ, भट्टीची धग हे सगळं इसब वाढवणारं, आणि ओळखीची आशाताई मागे गावातच राहते. निघण्याआधी तिच्याकडून मलमाचं नाव, ते किती दिवस लावायचं आणि कधी थांबवायचं, हे एका कागदावर लिहून घ्यावं. भट्टीजवळच्या दवाखान्यात तो कागद दाखवला, तर पोराचा उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागणार नाही.