मालकाच्या मर्जीवर टांगलेला विमा

24 जानेवारी 2025 रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि 8 कामगारांचे प्राण गेले. कारखाना सरकारी मालकीचा, स्फोट मोठा, म्हणून देशभरातून शोकसंदेश आले. पण याच जिल्ह्यातील एखाद्या राईस मिलच्या पट्ट्यात ज्याचा हात जातो, वीटभट्टीवर भिंत कोसळून जो दबतो, त्याच्यासाठी कोण येते? त्याच्या दारात येतो मालकाचा माणूस. हातात थोडे पैसे आणि अंगठा घेण्यासाठी स्टॅम्पपेपर!

अशा कामगाराला कायदा नाही असे नव्हे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा इंग्रजांच्या काळात, 1923 साली झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. कामावर मृत्यू आला तर निम्मे मासिक वेतन गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, असा हिशेब आहे. हिशेबासाठी वेतनाची मर्यादा 2010 पासून 8,000 रुपये होती; ती 3 जानेवारी 2020 रोजी 15,000 झाली. त्या दराने 40 वर्षांच्या कामगारासाठी 7,500 गुणिले 184.17, म्हणजे 13 लाख 81 हजार 275 रुपये होतात. हा वारसांचा हक्क आहे, मालकाचे दान नव्हे.

मग हक्काचा पैसा अडतो कुठे? कायद्याने भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली, पण त्या जबाबदारीचा विमा उतरवण्याची सक्ती केली नाही. प्रीमियम भरायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर! जो भरतो त्याचा प्रीमियम एकूण पगारावर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. म्हणून वीस माणसे राबवून आठच दाखवण्याचा मोह होतो. अपघात झाला की विमा कंपनी म्हणते, या नावाचा माणूस आमच्या यादीत नाही. जो भरतच नाही, त्याच्याविरुद्ध निकाल लागला तरी वसुलीसाठी विधवेने वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या. ठेकेदार तर तोवर गावही सोडून गेलेला असतो.

विम्याची सक्ती करणे या देशात अशक्य आहे काय? रस्त्यावर गाडी आणायची तर तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू गाडीतून जाणाऱ्या कामगाराची भरपाईही त्या सक्तीत घेतली होती. म्हणजे ट्रकवर बसलेल्या हमालाची काळजी कायद्याने घेतली. तोच हमाल पोते घेऊन मिलमध्ये शिरला की ती काळजी संपली! भोपाळनंतर 1991 साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाला त्याने विमा सक्तीचा केला. पण कोणासाठी? कारखान्याबाहेरच्या जनतेसाठी. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमातच 'कामगार वगळून' असे म्हटले आहे. ग्रॅच्युइटीसाठीही सक्तीच्या विम्याची तरतूद 1987 च्या दुरुस्तीने आली आणि ती संहितेत कायम आहे. मग कामगाराच्या जिवासाठीच हात आखडता का?

बाबासाहेबांनी दाखवलेली दिशा याच्या नेमकी उलट होती. 1942 ते 1946 या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळत होते. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. अडारकर यांच्याकडे आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले आणि 1944 साली अहवाल आला. त्याच पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. यात मालकाला वर्गणी भरावीच लागते. आज ती पगाराच्या 3.25 टक्के आहे. मालक बुडाला तरी अपंग कामगाराचे निवृत्तिवेतन बुडत नाही, कारण देणारा मालक नसून महामंडळ असते. पण ही योजना साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते. सात-आठ माणसांवर चालणाऱ्या मिलचा, भट्टीचा कामगार बाहेरच राहतो. आणि हे बाहेरचे लोक कोण? बहुसंख्य आपलेच: बौद्ध, आदिवासी, ओबीसी भूमिहीन.

याच भंडारा मतदारसंघातून 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते. त्यांचा पराभव झाला. तो डाग पुसायचा असेल तर जयंतीच्या मिरवणुकीपलीकडे जावे लागेल. संहितेत दुरुस्ती करून भरपाईचा विमा प्रत्येक मालकाला सक्तीचा करा, प्रीमियमची पावती फाटकावर लावा, परवान्याचे नूतनीकरण त्या पावतीशी जोडा, ही मागणी आपल्या संघटनांनी रेटली पाहिजे. धोकादायक व्यवसायात एक कामगार असला तरी राज्य विमा लागू करण्याची तरतूद संहितेत आहे. ती वापरायला सरकारला भाग पाडले पाहिजे.

आणि तोपर्यंत? वस्तीत अपघात घडला तर कार्यकर्त्याने पहिल्याच दिवशी पोहोचावे. हजेरीचा, मजुरीचा पुरावा गोळा करावा. मृत्यूची भरपाई आयुक्ताकडेच जमा करावी लागते, परस्पर तडजोडीने हक्क संपत नाही, हे घरच्यांना समजावून सांगावे. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा. मालकाच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा उठण्याआधी आपला माणूस त्या दारात उभा असला पाहिजे.