वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम : निवडीचे निकष

वन्यजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अध्ययनासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था (स्थापना १९८२), अलीगढ मुस्लिम विद्यापीठ व बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही नावे विद्यार्थ्यांस परिचित आहेत. परंतु केवळ लौकिक पाहून संस्था निवडणे उचित नव्हे.

या शास्त्राची खरी प्रयोगशाळा म्हणजे अरण्य. आणि अरण्याला स्वतःचे वेळापत्रक असते. सह्याद्रीतील बहुतेक बेडकांची वीण पावसाळ्यात होते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रबंधाच्या वाट्यास असा हंगाम बहुधा एकच येतो. तो हुकला, तर विषयच बदलणे भाग पडते.

हंगाम हुकण्याचे एक कारण प्रशासकीय असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात संशोधनार्थ प्रवेश करावयाचा झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची अनुज्ञा लागते. ज्या मार्गदर्शकाचे एखाद्या क्षेत्रात दीर्घकाळ कार्य चालू आहे, त्याच्या विद्यार्थ्यास ही वाट बरीच सुकर होते.

दुसरा निकष संख्याशास्त्राचा. पाहणीत दिसलेले प्राणी म्हणजे अरण्यातील सर्व प्राणी नव्हेत. न दिसलेल्यांचे अनुमान करण्याची रीत जेथे शिकविली जात नाही, तेथे केवळ नोंदी जमतात. शास्त्र घडत नाही.

तिसरा निकष भाषेचा. गुराखी व वनरक्षक यांच्यापाशी स्थानिक प्राण्यांचे सूक्ष्म ज्ञान असते. त्यांच्या बोलीत एकच नाव दोन जातींना असू शकते. हा भेद न जाणता घेतलेल्या मुलाखती अभ्यासकाची दिशाभूल करतात.

तात्पर्य, अर्ज करण्यापूर्वी तेथील माजी विद्यार्थ्यांस एवढेच विचारावे : आपण अरण्यात किती महिने होता?