दहा श्वासांचा एक मणी

तान्ह्या बाळाचं पोट भराभर हलतंय, हे आजीलाही दिसतं. पण तो वेग धोक्याचा की साधा, हे ठरवायचं कसं? दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, असा डॉक्टरी दंडक. गडचिरोलीतल्या सुईणींची पंचाईत इथंच व्हायची. बाळंतपणात हात पक्का, पण मोजणी दहा-बारापाशीच अडायची.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं मग आकडेच सुईणीच्या बोटांशी आणून ठेवले. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. एक अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी जरा मोठ्या मुलांसाठी. बाळाला आईच्या मांडीवर निजवायचं, घड्याळ उलटं करायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया! या श्वासमापकावरचा बंग दांपत्याचा लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला. माझ्या मते त्या सुईणींचा त्यात निम्मा वाटा आहे. दहाचा हिशेब त्यांच्यामुळेच आला.

असं काही एखाद्या कंपनीनं का बनवलं नाही? वैद्यकीय उपकरणांच्या बाजारात मूल हे तसं गैरसोयीचं गिऱ्हाईक. खप थोडा, चाचण्या अवघड, आणि माप तर दर महिन्याला बदलणारं. त्यामुळे एकट्या कंपनीला हे काम सहसा परवडत नाही.

पुढं 'सर्च'नं ३९ गावांत घरीच नवजात बालसेवा देऊन पाहिली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शंकेखोरांचा प्रश्न रास्त होता: बंग नसतील तिथं काय? उत्तरासाठी २००१ ते २००५ या काळात 'अंकुर' प्रकल्प झाला. महाराष्ट्रातल्या सात संस्था त्यात उतरल्या. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरची हॅलो मेडिकल फाउंडेशन त्यांतली एक. गावातल्याच बायांना 'भारतवैद्य' म्हणून तयार करण्याचा अनुभव तिच्या गाठीशी होता. 'अंकुर'च्या गावा-वस्त्यांत नवजात मृत्युदर जवळपास निम्म्यावर आला.

२०११ पासून घरी नवजात बालसेवा देण्याचं हेच काम देशभर आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्याच आरोग्य कार्यकर्त्या, करतात.

पुढं फिलिप्सनं बाळाच्या पोटावर बांधायचं, श्वास आपोआप मोजणारं यंत्र काढलं. आयआयटी मुंबईत २०१४ पासून 'बेटिक' केंद्रात डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात. हे हवंच. फक्त त्या टेबलाशी आशाताईची खुर्ची अजून क्वचितच दिसते.

धाराशिवच्या बाळांसाठी काही बनवायचं मनात असलेल्यांनी आधी आशाताईच्या पिशवीत डोकवावं: थर्मामीटर, घड्याळ, झोळीचा वजनकाटा, ब्लँकेट. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिच्या घरभेटी सहा. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यातल्या एखाद्या भेटीला सोबत जावं, आणि वजन करताना काटा आपण धरावा.