मंदिरात घंटा, पंखे व फलक बसविताना : काँक्रीट आणि लाकूड यांतील पकडीविषयी



उत्सवाचे दिवस जवळ आले की मंदिरात वस्तुरूप देणग्यांचा ओघ वाढतो. कोणी घंटा अर्पण करतो, कोणी पंखे, कोणी घड्याळ, कोणी दिवंगत माता-पित्यांच्या स्मरणार्थ संगमरवरी फलक. देणगी स्वीकारण्याचा सोहळा काही मिनिटांत आटोपतो; ती वस्तू मात्र पुढे वर्षानुवर्षे दर्शनार्थींच्या डोक्यावर टांगलेली राहते. तिला धरून ठेवणारा बोल्ट कोणता, तो कशात रुतला आहे आणि त्यासाठी भोक कोणत्या यंत्राने पाडले, हे सहसा कोणी विचारत नाही. तो विचार व्हावा, एवढ्यासाठीच हा लेख.

बुऱ्हाणपूरसारख्या जुन्या शहरात ही बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे. येथे एकाच मंदिराच्या आवारात तीन प्रकारचे बांधकाम सहज आढळते : चुन्यात बांधलेल्या जुन्या विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब-तुळयांचा सभामंडप आणि गेल्या काही दशकांत जोडलेला काँक्रीटचा स्लॅब. तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. कारागीर मात्र बहुधा एकच यंत्र व एकाच मापाच्या बोल्टची पिशवी घेऊन येतो.

प्रथम वस्तू बोल्टला कोणत्या दिशेने ओढते ते पाहावे. भिंतीवरच्या फलकाचे वजन बोल्टला आडवे कापू पाहते. ते सोसणे बोल्टला तुलनेने सोपे असते. छतावरची घंटा बोल्टला सरळ खाली, म्हणजे भोकातून बाहेर ओढते. हा भार अवघड. त्यात घंटा स्थिर राहत नाही. दोरीने ६० अंशांपर्यंत झोका घेणारी वस्तू तळाशी येते त्या क्षणी आपल्या वजनाच्या दुप्पट ओढ देते, हे साधे गणित आहे. ५१ किलोची घंटा त्या क्षणी १०२ किलोची होते. त्यावर दोरीला लोंबकळणारी मुले आलीच. यास्तव डोक्यावर टांगायच्या वस्तूसाठी प्रत्यक्ष वजनाच्या निदान चार-पाच पट भार पेलेल अशीच जोडणी धरावी.

आता काँक्रीट. ते दाब उत्तम सोसते, पण ताणात दुबळे असते. त्याची ताण सोसण्याची शक्ती दाबाच्या मानाने सुमारे एक दशांशच भरते. म्हणूनच त्यात सळया घालतात. अँकर बोल्ट जोराने ओढला गेला तर तो एकटा क्वचित निसटतो. बहुधा आपल्याभोवतीचा काँक्रीटचा शंकूच्या आकाराचा तुकडा घेऊनच खाली येतो. शंकू जितका खोल, तितकी पकड मोठी. म्हणजे बोल्टच्या जाडीपेक्षा त्याची खोली अधिक महत्त्वाची. स्लॅबच्या वा तुळईच्या कडेपासून खोलीच्या दीडपट अंतर आणि दोन बोल्टांमध्ये तिप्पट अंतर असावे; एरवी शंकू अपुरे राहतात व पकड घटते. खोली मोजताना गिलावा धरू नये. १२-१५ मिलिमीटरचा गिलावा बोल्टला काहीही आधार देत नाही, आणि पीओपीच्या नक्षीदार छताचा तर प्रश्नच नाही.

भोक पाडण्याच्या यंत्रांतही फरक आहे. घरगुती हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात. विटेच्या भिंतीला ते पुरते. जुन्या, घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये मात्र कारागीर अंगाचे बळ लावून यंत्र दाबत राहतो, बिट तापते आणि भोक वेडेवाकडे होते. अशा कामी रोटरी हॅमर आणावा. त्यात हवेच्या दाबावर चालणारा दट्ट्या असतो, ठोका तोच देतो. माणसाने यंत्र केवळ सरळ धरायचे. यंत्र भाड्यानेही मिळते, विकतच घ्यावे असे नाही. बिट मध्येच सळईला लागले तर तेथेच जोर करू नये. स्लॅबच्या खालच्या अंगाची सळई हीच स्लॅबचा मुख्य आधार असते. ती कापण्यापेक्षा भोक बाजूला घ्यावे व जुने भोक सिमेंटने बुजवावे.

भोकातली धूळ ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. ब्रशने व हवेच्या पंपाने ती काढल्यावाचून बोल्ट ठोकला तर त्याचे पाते भिंतीला न धरता भुकटीला धरते. तोंडाने फुंकर मारणे पुरेसे नाही, शिवाय ती धूळ डोळ्यांत जाते.

रासायनिक अँकर, म्हणजे भोकात राळेसारखा चिकट पदार्थ भरून त्यात दांडा रोवण्याची पद्धत, अलीकडे छोट्या शहरांतही आली आहे. भिंतीलगतच्या कठड्यासाठी ती उत्तम. पण डोक्यावर सदोदित टांगलेल्या भारासाठी तिचा आग्रह धरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात १० जुलै २००६ रोजी भुयारी मार्गाच्या छताच्या काँक्रीटच्या फरशा एका मोटारीवर कोसळल्या व आतील एका महिलेचा मृत्यू झाला. बोल्ट इपॉक्सीने चिकटवलेले होते. चौकशीत आढळले की लवकर सुकणारे ते इपॉक्सी सततच्या ओढीखाली मुंगीच्या पावलाने ताणले जात होते; बसविल्या दिवशीच्या चाचणीत ते पक्केच ठरले असते. जपानमधील सासागो बोगद्यात २ डिसेंबर २०१२ रोजी छताच्या फरशा पडून ९ जण दगावले. तेथेही बोल्ट चिकट पदार्थानेच रोवलेले होते. पुढारलेल्या देशांतील अभियंते जेथे चुकले, तेथे आपण दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहू नये.

जड घंटेसाठी आमची पसंती जुन्या रीतीलाच आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील अनेक देवस्थानांत आल्या. भीमाशंकरची घंटा दोन दगडी खांबांच्या मध्ये टांगलेली आहे; वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेला स्वतंत्र दगडी घर आहे. त्या काळच्या लोकांनी एवढी जड वस्तू छताच्या पोटाला लटकवली नाही. दोन आधारांवर आडवा दांडा ठेवून त्याला ती अडकवली. मग ओढ कशातूनही निसटू पाहत नाही, ती सरळ खांबांवर व जमिनीवर उतरते. काँक्रीटच्या मंडपातही हेच करता येते : दोन खांबांमध्ये लोखंडी आडवा पाइप किंवा गर्डर टाकावा. स्लॅबलाच टांगणे भाग असेल तर बोल्ट आरपार नेऊन वरच्या बाजूस जाड लोखंडी पट्टी व नट बसवावा, आणि गच्चीवरचे ते भोक पावसाळ्यापूर्वी नीट बुजवावे. नट एक नव्हे, दोन लावावेत. यंत्रमागांच्या या शहरात हे अधिक सांगणे नलगे. सततच्या हादऱ्याने एकेरी नट कसा सुटतो हे प्रत्येक लूमवाला जाणतो.

चुन्यातील जुन्या भिंतींविषयी थोडक्यात. तेथे फुगून पकड घेणारा अँकर बोल्ट मुळीच वापरू नये. तो विटेला आतून फोडतो आणि मऊ चुना त्याला धरीत नाही. हलक्या वस्तूसाठी, आपल्याकडील दुकानांत जिला ‘गिट्टी’ म्हणतात ती प्लास्टिकची गिट्टी व स्क्रू पुरे. या गिट्टीचाही इतिहास आहे : इंग्लंडमधील जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ मध्ये तागाच्या तंतूंची अशी खुंटी पेटंट केली, ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींची फारशी नासधूस न करता विजेची उपकरणे बसवायची होती, हे तिचे निमित्त. नायलॉनची गिट्टी १९५८ मध्ये जर्मनीचे आर्टुर फिशर यांनी आणली. जड फलक मात्र भिंतीवर न लावता जमिनीवरच्या चौथऱ्यावर उभा करावा. देणगीदारांचे नाव तेथेही तितकेच वाचले जाते.

कोरीव दगडाला भोक पाडू नये, हे तर निक्षून सांगावेसे वाटते. लोखंड गंजले की त्याचे आकारमान मूळच्या कितीतरी पट होते व ते दगडाला पाचरीसारखे फोडते. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात प्राचीन कारागिरांनी लोखंडी पकडी शिशात बसविल्या होत्या, त्या दोन हजार वर्षे टिकल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दुरुस्तीत शिशाविना लोखंड घातले गेले. काही दशकांतच संगमरवर तडकू लागला आणि पुढे ते सारे लोखंड काढून टायटॅनियम घालावे लागले.

लाकडाची गोष्ट निराळी. ते जिवंत असल्यासारखे वागते : आपल्याकडच्या वैशाखातील उन्हाने आकसते, आषाढात फुगते. त्या हालचालीत खिळा हळूहळू सैल होतो. खिळा आडवा भार चांगला पेलतो, पण सरळ ओढला तर निघून येतो. म्हणून तुळईच्या खालच्या अंगाला खिळ्यावर काही टांगू नये, तेथे स्क्रू किंवा आरपार बोल्टच हवा. लाकडाच्या कापलेल्या टोकाकडून, तंतूंच्या दिशेने ठोकलेल्या खिळ्यावर तर अजिबात विसंबू नये. जुन्या सागवानात स्क्रूसाठी आधी गिरमिटाने, अथवा हल्ली ड्रिलने, स्क्रूच्या गाभ्याहून किंचित बारीक भोक पाडावे. नाहीतर लाकूड चिरते वा स्क्रूचे डोके तुटते. यंत्र येथे साधेच असावे, ठोके देणारे नको. काठाजवळ खिळा मारायचाच असेल तर जाणते सुतार त्याचे टोक हातोडीने थोडे बोथट करतात. बोथट टोक तंतूंना फाकवीत नाही, तोडत जाते.

सागवानाचा एक गुण येथे नोंदवावा. त्यातील तेलामुळे लोखंड सहसा गंजत नाही, उलट बाभळीसारख्या लाकडात लोखंडाभोवती काळे डाग पडतात. सागवानाच्या या गुणामुळेच मुंबईच्या गोदीतील जहाजांना मोठी मागणी होती. वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली बांधून १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये आजही पाहावयास मिळते. सातपुड्याच्या सागाचा जुना खांब आपल्या मंडपात असेल, तर त्यास एकाही अनावश्यक भोकाचा उपद्रव होऊ नये. दिव्यांच्या माळा व ध्वनिक्षेपक खांबाभोवती पट्टा आवळून लावता येतात.

गाभाऱ्यात अभिषेकाचे पाणी असते. तेथे चांदीच्या वा पितळेच्या पत्र्याला लोखंडी खिळे मारले तर ओलाव्यामुळे लोखंड नेहमीपेक्षा लवकर झिजते. पितळेला पितळी खिळे, इतरत्र स्टेनलेस स्टील वापरावे. पितळी स्क्रू मऊ असतो. त्याआधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यावेत, मग पितळी स्क्रूला साबण लावून तो हलक्या हाताने बसवावा.

देणगीदारांस विनंती की वस्तू आणण्यापूर्वी तिचे वजन व माप कार्यालयात कळवावे, म्हणजे जागा आधी निश्चित करता येईल. टांगलेल्या प्रत्येक वस्तूचे वजन, बोल्टचे माप व बसविल्याची तारीख एका वहीत नोंदवावी आणि चैत्रात व पावसाळा संपताच शिडी लावून प्रत्येक नट पान्याने तपासावा. छताला बोल्टभोवती बारीक तडा दिसल्यास घंटा त्याच दिवशी उतरवून ठेवावी व अभियंत्यास दाखवावी. तोपर्यंत हातातील लहान घंटेने आरती करावी.