रंग उडाला, की कापडच गेलं?

कोल्हापुरात दसऱ्याच्या दिवशी शाही लवाजमा दसरा चौकाकडे निघतो, तेव्हा छत्रपती घराण्याच्या जुन्या मेबॅक मोटारीकडे हजारो नजरा वळतात. अशा मानाच्या गाड्या एरवी सावलीत, झाकून ठेवलेल्या असतात. उघड्या टपाच्या बाकीच्या गाड्या आणि हूडच्या जीप मात्र वर्षभर उन्हात उभ्या राहतात. चार उन्हाळ्यांत हूडचा काळा रंग राखाडी होतो आणि दारांवरचा कापडी गोट विटून जातो. मग मालकापुढे प्रश्न येतो, की कापड रंगवून घ्यायचं की बदलायचं?

त्याचं उत्तर विज्ञानात आहे. रंगाच्या रेणूतले काही ठरावीक बंध प्रकाश शोषतात, म्हणून तो रंग आपल्याला दिसतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन हेच बंध तोडतात. तुटलेला रेणू पुन्हा जुळत नाही, त्यामुळे कितीही धुतलं तरी मूळ रंग परतत नाही. संग्रहालयांत जुन्या वस्त्रांवर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, तो याच कारणासाठी.

पण ऊन रंगावरच थांबत नाही. सुती कापडातल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्याही तुटत जातात आणि धागा ठिसूळ होतो. रंग वरून देता येतो, गेलेली ताकद देता येत नाही.

म्हणून आधी परीक्षा घ्यावी. शिवणीच्या आतली दुमड उलटून पाहिली, की मूळ रंग कळतो. काठाचा एखादा सुटा धागा ओढावा. तो सहज तुटला किंवा घासल्यावर भुसा पडला, तर रंगावरचा खर्च वाया जाईल. अनेकदा कापड शाबूत असतं आणि फक्त शिवणीचा दोरा गेलेला असतो. अशा वेळी नव्यानं शिवून घेतलं तरी भागतं.

कापड धड असेल तर मऊ ब्रश आणि सौम्य साबणानं धुऊन पूर्ण वाळवावं. ब्लीच टाळावं, ते सुती धागा आणखी कमजोर करतं. कापडासाठीचा रंग आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावा आणि शेवटी पाणीरोधक थर द्यावा. कापड बदलायचंच असेल, तर धागा तयार होतानाच ज्यात रंग मिसळलेला असतो ते अॅक्रिलिक कापड जास्त टिकतं. सफरचंद कापलं की आत पांढरं निघतं, बीट मात्र आतपर्यंत लाल असतं. फरक तसाच आहे. गोट बदलताना दोन्ही दारांचा एकदमच बदलावा, नाहीतर नवा-जुना रंग शेजारी डोळ्यांत खुपतो.

कोल्हापूरचा पावसाळा आणखी एक अडचण आणतो. ओला हूड दुमडून ठेवला, की त्यावर बुरशी धरते. सुती कापडातलं सेल्युलोज हे तिचं खाद्यच आहे. असं कापड कोरडं झटकलं तर बीजाणू हवेत उडतात आणि दमा किंवा अॅलर्जी असलेल्यांना त्रास होतो. ते मोकळ्या हवेत, एन-95 मास्क लावून, ओल्या फडक्यानं पुसावं. कापड चिकटवण्याच्या अनेक गोंदांत टोल्यूइनसारखी द्रावकं असतात. त्यांच्या वाफेनं डोकं दुखतं, गरगरतं. बंद गॅरेजमध्ये दिवसभर हे काम करणाऱ्या कारागिरासाठी धोका अधिक असतो.

म्हणून कुशनवाल्याकडे गाडी देताना रंगाचा नमुना जरूर पाहावा आणि त्याच्या दुकानाला खिडकी आहे का, हेही पाहावं.